नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला आत्या पाळण्यात वाकून जे करते ते पहिले; आणि बारशाच्या घुगऱ्या खाऊन परतताना पाहुणे मंडळी वाटेत जे करतात ते दुसरे. घरगुती व्यवहारात ही दोन कामे निरनिराळी माणसे करतात. पण एखादा माणूस दुसऱ्याच्या देशात राज्य करायला गेला, की तो ही दोन्ही कामे एका दमात उरकतो. १८५७ साली आपल्याकडे जे झाले त्याला इंग्रज बहाद्दराने ‘शिपायांचे बंड’ असे नाव ठेवले, आणि ते ‘स्वातंत्र्यसमर’ होते असे सांगणाऱ्या सावरकरांच्या ग्रंथावर १९०९ साली, तो प्रसिद्ध होण्याआधीच, बंदी घालून टाकली.

या सदरात एरवी मी आपल्याच भाषेतील शब्दांची उलथापालथ करीत असतो. दिवाळी अंकात संपादक थोडी ऐसपैस जागा देतात, म्हणून यंदा वाचकांना समुद्रापलीकडे, पूर्व आफ्रिकेतील केनियात नेण्याचा विचार आहे. शब्द एकच घेतला आहे: ‘माऊ माऊ’.

मराठी घरात माऊ म्हणजे मांजर. दूधभाताच्या वाटीपलीकडे तिची महत्त्वाकांक्षा जात नाही. पण १९५२ नंतर सात-आठ वर्षे हाच शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आला की सकाळच्या चहाच्या टेबलावर माणसे शहारत असत. काळोखात शपथा घेणारे, रक्त पिणारे, गोऱ्या शेतकऱ्यांना झोपेत कापून काढणारे रानटी लोक, असे चित्र त्या दोन अक्षरी शब्दाच्या जोडीने जगभर गेले. आणि गंमत पाहा, ज्या गिकुयू लोकांना हे नाव चिकटवले त्यांच्या भाषेत या शब्दाला अर्थच नाही! व्युत्पत्त्या लावणाऱ्यांनी पुष्कळ लावल्या. शपथेला त्यांच्याकडे ‘मूमा’ म्हणतात, त्याचा हा अपभ्रंश, असे एक म्हणतो. ‘उमा उमा’ म्हणजे ‘निघा, निघा’, हे पोरांच्या उलट्या बोलीत ‘माऊ माऊ’ झाले, असे दुसरा म्हणतो. व्युत्पत्तिशास्त्राशी ज्याचा पोटापाण्याचा संबंध आहे अशा माझ्यासारख्याला एवढे कळते, की जिथे व्युत्पत्त्या फार तिथे तो शब्द बोलणाऱ्यांच्या घरचा नव्हे. ‘किकुयू’ हे जगाला माहीत असलेले नावसुद्धा स्वाहिलीच्या वळणाचे आहे. ते स्वतःला गिकुयूच म्हणतात.

मग हे लढणारे लोक स्वतःच्या चळवळीला काय म्हणत? ‘इथाका ना वियाथी’. इथाका म्हणजे जमीन. ‘ना’ म्हणजे आणि. वियाथी या शब्दापाशी मात्र जरा थांबले पाहिजे. इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘स्वातंत्र्य’ असे करून मोकळे होतात. पण ज्याचा स्वतःवर ताबा आहे, जो आपल्या घराचा आणि वावराचा धनी आहे, कोणाच्या दारात हात पसरून उभा राहत नाही, अशा प्रौढ माणसाची जी स्थिती ती वियाथी. आपल्याकडे ‘स्वराज्य’ शब्दातला ‘स्व’ गांधीजी ज्या अर्थाने उच्चारीत, त्याच्या हा शब्द अगदी शेजारी बसतो. जमीन नाही त्याला वधूमूल्य देता येत नाही, लग्न होत नाही, घर उभे राहत नाही, म्हणजे तो चाळीस वर्षांचा झाला तरी पोरच. इथाका गेली की वियाथी गेलीच. दोन शब्दांच्या मध्ये तो ‘ना’ उगाच नाही.

आणि इथाका गेली होती. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाच्या बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली गेली. ती बांधायला हिंदुस्थानातून करारावर सुमारे ३२,००० मजूर नेले; त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मातीत गेले. रेल्वेचा खर्च भरून निघावा म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून डोंगरमाथ्यावरच्या थंड, सुपीक जमिनी वाटण्यात आल्या. त्या प्रदेशाचे नावच ‘गोऱ्यांचे पठार’ पडले. १९१५ च्या कायद्याने या जमिनींच्या कराराची मुदत ९९९ वर्षांपर्यंत नेली. हजाराला एक कमी! आमच्या ज्ञानेश्वरीला अजून साडेसातशे वर्षेदेखील झालेली नाहीत. एखाद्या राज्यकर्त्याने आपण इथे किती दिवस राहणार याचा जो अंदाज बांधला असेल, तो इतक्या निःशंकपणे दुसऱ्या कुठल्या कागदावर उतरला असेल असे मला वाटत नाही.

या पठारावर काळ्या माणसाला जमीन विकत घेता येत नसे. तिथे तो राहायचा तो मालकाच्या शेतावर राबण्याच्या अटीवर. झोपडीवर कर होता, डोक्यावर कर होता, आणि कर रोखीत भरायचा म्हणजे मजुरीला जाणे आलेच. पहिल्या महायुद्धानंतर ‘किपांडे’ आला: बोटांचे ठसे आणि मालकाचे शेरे असलेला परवाना, पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात बांधून हिंडायचा. कॉफी तिथलीच, पण गिकुयू शेतकऱ्याला ती पिकवण्याची बराच काळ मनाई. १९४८ च्या शिरगणतीत केनियात बावन्न लाखांवर आफ्रिकी लोक आणि तीस हजारांना थोडे कमी गोरे होते. दुसऱ्या महायुद्धात हजारो आफ्रिकी तरुण ब्रह्मदेशाच्या जंगलात इंग्रजांच्या बाजूने लढले. परत आल्यावर गोऱ्या सैनिकांना बक्षीस म्हणून त्याच पठारावर शेते मिळाली, आणि काळ्यांना पुन्हा किपांडे. पुढे ‘जनरल चायना’ या नावाने रानात लढलेला वारुहिऊ इटोटे हा याच ब्रह्मदेशातून परतलेल्यांपैकी एक.

या सगळ्यात आपले लोक कुठे होते? दुकानात होते. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात; चपाती आणि चायसुद्धा त्या भाषेत आपापल्या नावानेच नांदतात. वर गोरा, खाली काळा आणि मध्ये गल्ल्यावर आपला माणूस अशी ती उतरंड होती, आणि मधल्या पायरीवरच्याला वरची पायरी दिसत असल्यामुळे खालचीकडे पाहायला सहसा सवड होत नसे. याला जे अपवाद झाले ते मात्र असे, की त्यांची नावे आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवीत, आणि ती नाहीत. पंजाबातून पोरवयात नैरोबीला गेलेला माखनसिंग हा कामगार पुढारी. २३ एप्रिल १९५० रोजी नैरोबीच्या कालोलेनी सभागृहात आफ्रिकी आणि हिंदी संघटनांची संयुक्त सभा भरली असता, पूर्व आफ्रिकेला संपूर्ण स्वातंत्र्य हवे, असा ठराव त्याने मांडला. इतक्या उघडपणे ती मागणी तिथे तोवर कोणी केली नव्हती. महिन्याच्या आत तो पकडला गेला आणि सुटला तो १९६१ साली. साडेअकरा वर्षे! केन्याटांच्याही आधी आत आणि त्यांच्याही नंतर बाहेर.

आणि एक तर आपल्या अगदी घरचे. १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले ते औंधचे अप्पासाहेब पंत. सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे हे चिरंजीव. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने औंधात राजाने आपण होऊन प्रजेला राज्य सोपवले, त्या प्रयोगात या राजपुत्राचा मोठा हात होता. आपल्या घरची गादी रिकामी करून आलेला असा माणूस, ९९९ वर्षांचे पट्टे करून बसलेल्या लोकांच्या गावी वकील म्हणून गेला, यात नियतीचा विनोद आहे. आफ्रिकी पुढाऱ्यांची त्यांच्या घरी ये-जा सुरू झाली. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे सोसेना. ‘या गृहस्थाला परत बोलवा’ असा लकडा लंडनने दिल्लीकडे लावला, आणि १९५४ साली अप्पासाहेबांना ते पद सोडावे लागले.

तोवर केनियात वणवा पेटला होता. २० ऑक्टोबर १९५२ रोजी गव्हर्नर सर एव्हलिन बेअरिंग यांनी आणीबाणी जाहीर केली आणि त्याच रात्री जोमो केन्याटा व इतर अनेक पुढाऱ्यांना उचलले. केन्याटा हे काही रानातले सेनापती नव्हते. लंडनला मालिनोव्स्कीच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकलेले, १९३८ साली आपल्या जमातीवर ग्रंथ लिहिलेले हे पंडित. त्यांना ‘माऊ माऊ’चे चालक ठरवून खटला भरला तो नैरोबीत नव्हे, तर वायव्येला दूर कापेन्गुरिया नावाच्या आडगावी, शाळेच्या खोलीत. बचावासाठी लंडनहून बॅरिस्टर डी. एन. प्रिट आले, पंडित नेहरूंनी दिवाण चमनलालांना धाडले, नैरोबीचे हिंदी वकील होतेच.

या खटल्यातला मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो भाग दुभाष्याचा. साक्षी गिकुयूत, न्यायाधीश इंग्रज. मध्ये दुभाषी कोण? तर लुई लीकी. आदिमानवाच्या हाडांच्या शोधामुळे पुढे जगद्विख्यात झालेले तेच. मिशनऱ्याच्या पोटी केनियात जन्मलेले, गिकुयू पोरांत वाढलेले, ती भाषा मातृभाषेसारखी बोलणारे. योग्यतेबद्दल शंकाच नव्हती. पण हेच लीकी त्या चळवळीचा बीमोड कसा करावा याबद्दल सरकारला सल्ला देत होते, आणि तिच्याविरुद्ध त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले होते. भाषांतरात रंग मिसळला जातो आहे असा आक्षेप प्रिटसाहेबांनी घेतला, आणि अखेर लीकींना ते काम सोडावे लागले. भाषा येणे निराळे आणि भाषेशी इमान असणे निराळे. एका माणसाच्या सात वर्षांचा निकाल या फरकावर लोंबकळत होता. ८ एप्रिल १९५३ रोजी न्यायाधीश थॅकर यांनी सात वर्षे सक्तमजुरी ठोठावली. मुख्य साक्षीदार रॉसन माचारिया याने १९५८ साली शपथेवर लिहून दिले की आपल्याला आमिष दाखवून खोटी साक्ष देवविली होती. त्याबद्दल त्याला तुरुंगात घातले. खोट्या साक्षीबद्दल नव्हे हं, ती खोटी होती असे सांगितल्याबद्दल!

पुढारी आत गेल्यावर तरुण रानात गेले. अबर्डेअरच्या डोंगरांत आणि माउंट केनियाच्या उतारांवर ते राहिले, गावठी बंदुका बनवून लढले. रानात जाण्याआधी शपथ. केळीच्या पानांच्या कमानीतून जायचे, बकऱ्याचे मांस आणि माती यांना साक्षी ठेवून बोल उच्चारायचे. यावर इंग्रजांनी केवढा गहजब केला! ज्यांच्या आज्ज्यापणज्यांनी बेलभंडार उचलून शब्द दिले आहेत, त्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. त्यांचा एक प्रमुख सेनानी देदान किमाथी काही काळ शाळामास्तर होता. त्याला लिहिण्याचा भारी सोस. रानात त्याने ‘केनिया पार्लमेंट’ स्थापन केले, पत्रे धाडली, दप्तर ठेवले. सत्तेवर असलेल्या माणसाने दप्तर जाळावे आणि पळत्या माणसाने जपावे, हा उलटा प्रकार या सगळ्या कथेत पुन्हा दिसणार आहे.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. २६ मार्च १९५३ च्या रात्री लारी या गावी या लढवय्यांनी सरकारच्या बाजूच्या लोकांची घरे पेटवून सत्तरच्या वर माणसे मारली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. आणि ती गिकुयूच होती. नंतर सरकारपक्षाने घेतलेल्या सुडात त्याहून अधिक मेली. सबंध लढ्यात गोरे वसाहतवाले मारले गेले बत्तीस. ‘माऊ माऊ’ म्हणून ठार झालेल्यांचा सरकारी आकडाच अकरा हजारांवर जातो. फाशी गेले १,०९०. स्वातंत्र्यलढ्यांचे इतिहास लिहिताना लारीसारखी पाने गाळायची सवय सर्वच देशांना आहे, आपल्यालाही आहे. पण ते पान ठेवूनसुद्धा हे बाकीचे आकडे जागचे हलत नाहीत.

यानंतर सरकारने जो शब्दकोश रचला तो कोणत्याही भाषाशिक्षकाने नीट वाचावा असा आहे. २४ एप्रिल १९५४ रोजी सैन्याने नैरोबी शहर वेढले आणि ‘चाळणी’ सुरू केली. डोक्यावरून पोते ओढलेला, डोळ्यांपुरती भोके असलेला खबऱ्या बसवायचा. समोरून रांग न्यायची. त्याने मान हलवली की तो माणूस छावणीत. वीस हजारांवर माणसे अशी गेली. छावण्यांच्या मालिकेला ‘नळ’ म्हणत. कैद्यांचे रंग तीन: काळे, करडे, पांढरे. जो शपथ घेतल्याचे कबूल करील तो काळ्याचा करडा, करड्याचा पांढरा होत होत नळातून घरी पोचायचा. या धुलाईला नाव ‘पुनर्वसन’. जे बधत नसत त्यांना थोड्याथोड्या संख्येने वेगळे काढून मोडायचे, या पद्धतीला नाव ‘पातळ करणे’. जणू ताकच! दहा लाखांहून अधिक लोकांना, मुख्यतः बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना, घरे जाळून तारांच्या आणि खंदकांच्या आत आठशेवर नव्या वस्त्यांत कोंडले; त्याचे नाव ‘ग्रामरचना’. आपल्याकडे सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींना काटेरी तारेच्या आत ठेवीत, त्यालाही ‘सेटलमेंट’ असे सात्त्विक नाव होते. त्या जमातींवरचा १८७१ पासूनचा शिक्का भारताने पुसला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे केनियात तारा ठोकायला सुरुवात होण्याच्या थोडेच आधी. ती तार जणू इथून सुटून तिथे गेली.

छावण्यांत काय चाले ते सविस्तर लिहीत नाही. हा अंक घरात आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांच्या हाती पडतो. पुरुषांचे पुरुषपण आणि स्त्रियांचे स्त्रीपण जिथे जाणूनबुजून चेचले गेले, एवढे म्हटले की मोठ्यांना पुरे. १९५७ साली ॲटर्नी जनरल एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी गव्हर्नरांना एक पत्र लिहिले. कैद्यांना मारण्याचे नियम कसे बसवावे याची चर्चा त्यात आहे, आणि शेवटी मतलब असा, की पाप करायचेच असेल तर ते गाजावाजा न करता केले पाहिजे. कायद्याचा सर्वोच्च सल्लागार लिहितो आहे! त्याच्या इंग्रजीत व्याकरणाची एकही चूक नाही.

गाजावाजा झाला तो ३ मार्च १९५९ ला. होला नावाच्या रखरखीत छावणीत कामाला नकार देणाऱ्या कैद्यांवर पहारेकऱ्यांनी दंडुके चालवले; अकरा जण मेले. सरकारी पत्रकात छापले की गाड्यावरच्या पिंपातले पाणी प्याल्यावर हे मृत्यू घडले. वाक्य नीट पाहा. ‘पाण्याने मेले’ असे त्यात नाही. ‘प्याल्यावर’ मेले. एका ‘वर’ प्रत्ययावर अकरा प्रेते झाकण्याचा तो प्रयत्न शवचिकित्सेत उघडा पडला. २७ जुलैला पार्लमेंटात यावर सर्वांत जहाल बोलला तो सरकारपक्षाचाच ईनॉक पॉवेल. पुढे काळ्या लोकांच्या इंग्लंडमधील आगमनाविरुद्ध विष ओकून कुप्रसिद्ध झालेला हाच. आफ्रिकेत एक न्याय आणि घरी दुसरा, असे चालणार नाही, हा त्याचा मुद्दा होता. माणसे सरळ रेषेत वाईट असती तर इतिहास शिकवणे सोपे गेले असते.

होलानंतर इंग्रजांचा केनियातला मुक्काम आवरता झाला. लंडनला वाटाघाटी झाल्या, केन्याटा १९६१ साली सुटले, आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी ‘उहुरू’ आले. हा स्वाहिली शब्द अरबीच्या त्याच घराण्यातला आहे ज्यातून ‘हुर्रियत’ आला. नवशे नव्व्याण्णवांपैकी अठ्ठेचाळीस वर्षे भरली होती.

मला वाटते, या गोष्टीचा खरा दुखरा भाग इथून सुरू होतो. रानातून जटा वाढवलेले लोक खाली आले. त्यांना वाटले, आता इथाका. पण जमीन विकत घ्यायची होती. गोऱ्यांकडून बाजारभावाने, तीही मोठ्या अंशी इंग्रजांच्याच कर्जाने. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी घेतली, आणि पैसा बहुतेक त्यांच्याकडे होता जे रानात गेले नव्हते. केन्याटांनी तर त्याआधीच सांगून टाकले होते की माऊ माऊ हा एक रोग होता, तो गेला, त्याची आठवणही काढू नये. ज्या शब्दासाठी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, तो शब्द त्यांनी साहेबाच्याच अर्थाने वापरला! देश एकसंध ठेवायचा तर जुने खरूज खाजवू नये, हा त्यांचा विचार राजकारणी म्हणून समजण्यासारखा आहे. मला तो मान्य होत नाही. इंग्रजांनी १९५० साली घातलेली माऊ माऊवरची बंदी स्वतंत्र केनियाच्या कायद्यात आणखी चाळीस वर्षे तशीच राहिली. ती उठली २००३ साली.

त्या चाळीस वर्षांत विसरायला नकार देणाऱ्यांचे काय झाले? पिओ गामा पिंटो हे नाव घेतो. आईबाप गोव्याचे, जन्म १९२७ चा, नैरोबीतला. शिक्षण गोव्यात आणि धारवाडला, नोकरी मुंबईच्या टपाल खात्यात. गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत पडला, पकडले जाण्याची वेळ आली तेव्हा १९४९ साली केनियात परतला. तिथे पत्रकारिता करता करता रानातल्यांना हत्यारे पुरवली, म्हणून १९५४ ते १९५९ बंदिवास. स्वातंत्र्यानंतर खासदार झाला आणि जमिनी कोणाच्या घशात चालल्या आहेत ते विचारू लागला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी सकाळी, घराच्या फाटकाशी, मोटारीत धाकटी मुलगी मागे बसलेली असताना, त्याला गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. त्याचा मित्र जोसेफ मुरुंबी, बाप गोव्याचा आणि आई मासाई, पुढल्या वर्षी देशाचा उपराष्ट्रपती झाला आणि काही महिन्यांतच पद सोडून घरी बसला.

दुसरे नाव लेखकाचे आहे. न्गुगी वा थिओंगो हा १९३८ साली लिमुरूजवळ जन्मलेला मुलगा इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून सुटीत घरी आला, तो गाव जागेवर नाही! ‘ग्रामरचने’त ते उठवून दुसरीकडे नेलेले. थोरला भाऊ रानात. शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात, आपण गाढव आहोत अशा अर्थाची पट्टी अडकवीत. बापाच्या गळ्यात किपांडे, पोराच्या गळ्यात पट्टी. न्गुगीने इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, जगभर नाव झाले. सरकारने त्याला तोवर काही केले नाही. १९७७ साली त्याने एका सहकाऱ्याबरोबर गिकुयूत नाटक लिहिले आणि कामिरिथू गावच्या शेतमजुरांनी, कारखान्यातल्या बायकांनी ते उघड्या रंगमंचावर केले. विषय तोच, जमीन कोणी लुबाडली. प्रयोग बंद, आणि वर्षअखेरीस लेखक कामिटीच्या तुरुंगात. लक्षात घ्या, तीच टीका इंग्रजीत चालत होती. मायबोलीत आली, गावाला कळली, आणि ती राजद्रोह ठरली. तुरुंगात त्याने गिकुयूत कादंबरी लिहिली ती शौचकूपातल्या कागदावर. यापुढे ललित लेखन गिकुयूतच करायचे हा निश्चय त्याने शेवटपर्यंत पाळला. २८ मे २०२५ रोजी परदेशातच त्याचे निधन झाले. आमच्याकडे मराठी घेतलेल्या मुलाला ‘पुढे काय करणार?’ असे शेजारीपाजारी विचारतात, तेव्हा मला कामिटीच्या त्या कागदाची आठवण होते. पण ती सांगून त्यांचे समाधान होईल असे नाही.

आता दप्तराची गोष्ट. २००९ साली पाच म्हाताऱ्या केनियन स्त्रीपुरुषांनी लंडनच्या न्यायालयात इंग्लंडच्या सरकारवर फिर्याद ठोकली. त्यांतला एक होलाच्या त्या दिवशी मेला समजून प्रेतांत टाकला गेलेला होता. सरकार म्हणे, कागद कुठे आहेत? २०११ साली कागद निघाले. हॅन्स्लोप पार्क नावाच्या सरकारी जागेत, कडेकोट पहाऱ्यात, केनियातून विमानाने आणलेली सुमारे तीनशे खोकी पडली होती. शिवाय इतर छत्तीस वसाहतींचीही. राज्य सोडण्याआधी लाजिरवाणे कागद वेगळे काढून, काही जाळून, राखसुद्धा चुरडून टाकावी, अशी लेखी आज्ञा होती. ती आज्ञा मात्र जाळायची राहून गेली.

६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी पार्लमेंटात छळ झाल्याचे मान्य केले आणि ५,२२८ जणांसाठी एक कोटी नव्याण्णव लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. शब्द वापरला तो ‘खेद’. क्षमा नव्हे. आपल्याकडे रस्ता खणलेल्या ठिकाणी ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी लावतात, तितपत उंचीचा हा शब्द आहे. जबाबदारी मान्य केली की कायद्याने पुढचे देणे लागते, म्हणून वकिलांनी तो मोजूनमापून दिला असणार. नंतर चाळीस हजार लोकांचा दुसरा दावा आला तो २०१८ साली मुदत टळली म्हणून फेटाळला गेला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राजे चार्ल्स नैरोबीत आले. अपार दुःख आणि गाढ खेद, असे म्हणाले. विशेषणे वाढली, नाम तेच राहिले.

किमाथीला २१ ऑक्टोबर १९५६ रोजी गोळी घालून जखमी अवस्थेत पकडले होते, आणि १८ फेब्रुवारी १९५७ रोजी कामिटीला, पुढे न्गुगीला ज्या तुरुंगात ठेवले तिथेच, फाशी दिले. पन्नास वर्षांनी, २००७ साली त्याच तारखेला, नैरोबीच्या भर रस्त्यात त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याखाली नाव आहे. तुरुंगाच्या आवारात त्याला कुठे पुरले त्याची खूण मात्र ठेवलेली नाही. त्याची बायको मुकामी, जी स्वतःही त्या लढ्यात तुरुंगात गेली होती, नवऱ्याची हाडे मिळावीत, ती रीतसर पुरता यावीत, एवढे एकच मागणे दर सरकारपुढे मांडीत राहिली. मे २०२३ मध्ये, राजेसाहेब येण्याच्या काही महिने आधी, ती गेली. तिच्यासाठी खड्डा खणला तो एकटीचाच.